मथुराचा डावा हात

तुकईथडच्या भागाबाईची मथुरा डावरी निघाली. जेवताना पोरीचा डावा हात पुढे आला, की भागाबाई चिंधीनं तो पाठीमागे बांधायची. "चारचौघांत डाव्या हातानं कुंकू लावशीन, तर कोन करीन तुले?" म्हणायची, आणि बांधता बांधता स्वतःच रडायची. बाई दुष्ट नव्हती हो, भित्री होती. मथुरा मुकाट्यानं उजव्या हातानं जेवायला, लिहायला शिकली. फक्त केळीच्या मळ्यात वानरं शिरली, की ढेकूळ डाव्याच हातातून सुटायचं आणि नेमकं लागायचं. बाप गिरधर ते पाहून न पाहिल्यासारखं करायचा.

नवा मध्यप्रदेश होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. सगळ्यांनी एक होऊन राहायचं, असं जो तो भाषणात सांगत होता. बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात तर मराठी, गुजराती, निमाडी पोरींची मिळून सॉफ्टबॉलची टीमच निघाली. मथुरा तेव्हा तिथल्याच इतवारा पेठेत मावशीकडे राहून शिकत होती. कॉलेजात घालताना आईनं शपथ घातली होती: डावा हात लोकांत काढायचा नाही. काढला, तर शिक्षण बंद आणि बाईसाहेब घरी!

पहिला महिना मथुरा उजव्या हातानं खेळली. छे, कसलं खेळणं ते! चेंडू कुणीकडेही जायचा. एक दिवस मैदानात म्हैस घुसली. मथुरानं विचार न करता लांबून डाव्या हातानं चेंडू हाणला, तो थेट म्हशीच्या पाठीवर. खेळाच्या मोतीलाल सरांच्या तोंडातली शिटीच गळून पडली.

"अरे बेटी, ये हाथ अब तक कहाँ छुपा रखा था?"

मथुराला रडू फुटलं. शपथ मोडली होती. पण त्या दिवसापासून हात काही ऐकेना. सरांनी तिला पिचर केलं, म्हणजे खालून हात फिरवून बॅटवालीला चेंडू टाकणारी. कॉलेजचे सगळे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे. इतवाऱ्यातल्या मोच्यानं हिच्यासाठी एक उजव्या हाताचा शिवून दिला. तीन वर्षं तिनं विद्यापीठाचे सामने गाजवले, शेवटच्या वर्षी कप आणला. घरी मात्र सांगायची, "असंच, पळापळीचं खेळतो." आईशी खोटं बोलल्याचं तिला फार लागायचं.

मग कॉलेजनं ठरवलं, हॉलमधल्या सन्मानाच्या फलकावर मथुराचं नाव लिहायचं. तिथं आजवर नुसती पोरांचीच नावं! सोहळ्याला आईबापांना बोलावलं, आणि त्याआधी पोरांच्या टीमबरोबर एक सामनाही ठेवला. बी. ए.ची शेवटची परीक्षा दोन महिन्यांवर होती. आईनं डावा हात पाहिला, की संपलंच सगळं.

भागाबाई पहिल्याच रांगेत येऊन बसली. मथुरानं उजव्या हातानं चेंडू टाकला. तो डोक्यावरून गेला. दुसरा मातीत आपटला. पोरं खदाखदा हसली. "यही है क्या बोर्डवाली?" सरांनी कपाळाला हात लावला.

भागाबाई नवऱ्याकडे वळली. "हिले इतकंच येते? मंग बोर्डावर नाव काहाले?"

जन्मात बायकोसमोर न बोललेला गिरधर बोलला, "येते. तू बांधून ठेवलं ना."

भागाबाईची नजर मथुराच्या डाव्या हाताकडे गेली. तिसराही चेंडू भलतीकडे गेला, पोरं पुन्हा हसली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या लेकीला हसतात? पदर खोचून ती उभी राहिली.

"मथुरे! उजव्यानं काय खेळते वं माय! काढ तो डावा! दाखव या हसणाऱ्याइले!"

मथुरानं ग्लोव्ह बदलला, मोच्यानं शिवलेला उजव्या हातात चढवला. पुढचे तीन चेंडू बॅटवाल्याला दिसलेसुद्धा नाहीत. त्याच्यामागून आलेल्या दोघांचीही तीच गत झाली. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं, आणि सगळ्यांत जोरात ओरडत होती भागाबाई.

संध्याकाळी मावशीच्या घरी भागाबाईनं मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या. दृष्ट काढायला मथुरानं डोकं पुढे केलं.

"डोकं राहू दे. तो हात आन इकडं. आज साऱ्या गावानं पाह्यलं त्याले."

तिनं त्या डाव्या हातावरून तीनदा मूठ उतरवली. मीठ-मोहऱ्या चुलीत टाकायच्या तशाच राहिल्या, कारण भागाबाई तो हात काही सोडीचना.