होल्ड रॅकवरचं पार्सल

गोडाऊनमधला माल रोज निघून जातो. साचतात ते किस्से. आमच्या मानकोलीच्या गोडाऊनमध्ये तर नुसत्या 'होल्ड'चेच ढीगभर!

परवा ते सगळे एकदम आठवले, कारण मी रिटर्नच्या गाडीची वाट बघत होतो. माझी बायको सुमन गेली, त्याच्या पंधराव्या दिवशी तिनं मागवलेलं पार्सल आमच्याकडेच आलं. ओटीपी तिच्या नंबरवर जाणार. तो नंबर मीच बंद करून आलो होतो. ओटीपी नाही तर पार्सल सात दिवस होल्ड रॅकवर, मग परत. नवीन माणसांना हा नियम मीच शिकवतो. परवा सातवा दिवस होता.

*

फोर्कलिफ्ट चालवणारा बाळाराम अंजूरचा. आवाज खणखणीत. एकदा मागे येणाऱ्या ट्रकला ओरडला, "होल्ड!" ट्रक थांबला, हमाल थांबले, चहावाला किटली तिरपी धरून तसाच उभा. कप भरून वाहायला लागला.

"तुला न्हाय रं, ट्रकला!"

*

आमच्या वैशाली मॅडमनी एका गिऱ्हाइकाला फोनवर होल्ड केलं आणि विसरून जेवायला गेल्या. परत येऊन फोन उचलला, तर बाई लाइनवरच!

"जेवलात का मॅडम? तुमच्या ट्यूनवर माझी भाजी चिरून झाली."

*

याच मॅडमनी बाळारामची रजा होल्डवर टाकली. स्वतःच्या लग्नाची!

"मॅडम, मुहूर्त कुठं होल्डवर राहतो?" म्हणत तो गेलाच. फोर्कलिफ्टची चावी खिशात! अख्खं गोडाऊन होल्डवर. शेवटी चावी आणायला मी अंजूरला मांडवात गेलो. सुमन सोबत होती. म्हणाली, "आलोच आहोत तर जेवून जाऊ."

गोडाऊन आणखी दोन तास होल्डवर!

*

परवा गाडी लागली. मॅडम स्कॅनर घेऊन रॅकपाशी आल्या. मुदत वाढवायची तर ग्राहकानं स्वतः सांगावं लागतं, आणि त्याचे शब्द नोंदीत लिहावे लागतात. मॅडमनी पार्सल उचललं, नाव वाचलं. मागे बाळारामनं फोर्कलिफ्ट बंद केली.

"काका, ग्राहकाशी बोलणं झालं?"

एवढ्या नोकरीत मी एकही खोटी नोंद केलेली नाही.

"झालं."

"काय म्हणाल्या?"

"आणखी थोडे दिवस राहू द्या, म्हणाली."

मॅडमनी मान खाली घालून तसंच लिहून घेतलं.