अण्णांचा हुरडा आणि आमची पडकी साइट

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. ते जळमटांसारखे आपोआप होतात, आठ दिवस लक्ष दिलं नाही की कोपरा भरला. ऑफिस म्हणजे तरी काय, सोलापुरात सात रस्त्याजवळ झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. माणसं तीन: सर्व्हर सांभाळणारा इरफान, चुका शोधणारी सविता आणि चुका करणारा मी.

यातले निम्मे किस्से एका गिऱ्हाइकाचे आहेत, मैंदर्गीकडच्या अण्णांचे. ज्वारी हुरड्याला आली की त्यांच्या शेतावर दर रविवारी पंगती बसतात. बुकिंग अण्णा फोनवर घ्यायचे आणि लाल वहीत लिहायचे. मीच मागं लागून ती वही बंद करायला लावली आणि बुकिंगची वेबसाइट करून दिली. तेव्हा अण्णांनी एकच अट घातली. "सायेब, तुमचं हे तीनदा पडलं की मी आपला वहीकडं परत जानार. आदीच सांगून ठिवतो."

मी हसलो होतो. आमचं ते पहिलंच मोठं काम होतं आणि ते गेलं तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती, पण हसलो.

*

पहिल्या वर्षी सोमवारी सकाळी दहाला बुकिंग उघडलं आणि दहा वाजून दोन मिनिटांनी साइट झोपली. मी ताबडतोब सर्व्हरवर खापर फोडलं. इरफाननं दुप्पट मोठा सर्व्हर लावला, तोही झोपला.

शेवटी सवितानं कोड उघडला. पहिल्याच पानावर 'आतापर्यंत किती जणांनी बुकिंग केलं' असा एक आकडा पळत होता. प्रत्येक माणसासाठी, दर सेकंदाला, सगळी यादी पहिल्यापासून मोजून तो यायचा. सविता शांतपणे म्हणाली, "सर, मांडवात एक पाहुणा आला की आपण सगळ्या पंगतीला उठवून मोजतोय. लोक जेवणार कधी?"

ही अक्कल कुणाची, असं इरफाननं विचारलं. कोडमध्ये प्रत्येक ओळीपुढं लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. मी पाणी प्यायला उठलो.

*

मग ठरलं की गर्दी यायच्या आधी आपणच गर्दी करून बघायची. त्यासाठी खोटे युजर सोडणारं सॉफ्टवेअर मिळतं, असं इरफान सांगत होता. मी म्हटलं, खोटे कशाला, माझे नातेवाईक आहेत की! आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला: रविवारी अकराला सगळ्यांनी एकदम बुकिंग करा.

सगळ्यांनी केलं. साइट डुलली, पण पडली नाही. मी दिवसभर कॉलर ताठ करून फिरलो.

फक्त ही चाचणी खऱ्या साइटवर घेतली हे माझ्या लक्षात आलं नाही. पुढच्या रविवारी माढ्याची आत्या चौदा माणसं घेऊन अण्णांच्या शेतावर उतरली, मोबाइलवर 'बुकिंग कन्फर्म' दाखवत. अण्णांनी सगळ्यांना पोटभर हुरडा घातला, वर शेंगाचटणी बांधून दिली, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. मला त्याचीच जास्त लाज वाटली.

*

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं, साइट अशी पळवायची की बस. एकदा तयार केलेलं पान साठवून ठेवायचं आणि पुढच्या सगळ्यांना तेच द्यायचं, म्हणजे सर्व्हरला कामच नाही. दहा वाजले. साइट खरंच वाऱ्यासारखी पळाली.

दहा वाजून पाच मिनिटांनी एका रिटायर्ड हेडमास्तरांचा फोन आला. फार सभ्य माणूस. म्हणाले, "बाकी सगळं उत्तम आहे. फक्त मी सुनंदा नाही."

सर्वांत आधी कुणी सुनंदाताई आल्या होत्या. त्यांचं पान साठलं आणि त्या दिवशी साइटवर आलेला झाडून सगळा जिल्हा 'नमस्कार, सुनंदाताई' झाला. साइट हातानं बंद करावी लागली. इरफान म्हणाला, "भाई, सर्वर कू कुछ नक्को करो, तुम बाजू बैठो."

अण्णा फोनवर म्हणाले, "होगली बिड्री." कानडीत म्हणजे, जाऊ द्या. आणि वर म्हणाले, "दोनदा झालं बगा."

*

तिसरं वर्ष, म्हणजे यंदाचं. आता पडली तर वही. आम्ही महिनाभर दुसरं काम घेतलं नाही. इरफाननं हजारो खोटे युजर सोडून पाहिले, सवितानं माझी एकेक ओळ तपासली आणि बुकिंगच्या दिवशी माझ्या कीबोर्डवर चिठ्ठी चिकटवली: 'सरांनी हात लावू नये.'

दहा वाजले. तिघांचे डोळे सर्व्हरवरचा ताण दाखवणाऱ्या ग्राफवर. रेघ जमिनीला चिकटलेली, जरा म्हणून हलेना. सव्वादहा, साडेदहा, तरी तशीच. पान उघडायला पापणी लवायचाही वेळ लागत नव्हता. इरफाननं मला मिठी मारली. सविता खाली जाऊन गरम भजी घेऊन आली. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अण्णांना फोन लावला आणि एका दमात सांगितलं की अण्णा, साइट पडली नाही, ग्राफ बघा, एक सेकंद अडकली नाही.

"पडंल कशी?" अण्णा मायेनं म्हणाले. "तुमी पोरं लई टेन्शन घेता, मला काय बगवंना. म्हनून परवाच सगळ्यांला फोन करून वहीत लिवून टाकलं. साइटवर कुनी जाऊ नका म्हनून बी सांगितलं."

मी हातातलं भजं परत कागदावर ठेवलं.

"पर साइट ह्या खेपेला झकास झाली, सायेब," अण्णा म्हणाले. "आता आशीच ऱ्हाऊ द्या."