एकाच टेम्पोतल्या दोघी

मखमलाबादच्या लंकाबाई आमच्या गंगापूर रोडच्या घरी कितीतरी वर्षं देवाची फुलं देत होत्या. शेवंती, झेंडू, मधेच दोन-चार गुलाब. मळा स्वतःचा, पण टोपली उतरवली की आधी माझ्या देव्हाऱ्याला हात जोडणार, मग पायरीवर टेकून चहा घेत हार ओवणार.

नव्याण्णव सालच्या नवरात्राआधीची गोष्ट. आमची पल्लवी इतिहास घेऊन बी.ए. करत होती. मोठ्यानं वाचायची तिला सवय. ऑस्ट्रियाच्या घराण्यातली मार्गारेट स्पेनच्या राजपुत्राला दिली, आणि त्याच राजपुत्राची बहीण हुआना मार्गारेटच्या भावाला. जी जहाजं हुआनाला घेऊन आली, तीच परतताना मार्गारेटला घेऊन गेली.

लंकाबाई हसल्या. "अगं पोरी, हे तर साटंलोटं! राजाच्या घरातबी व्हय? आमची आशा दिली गिरणारे गावाला, अन् तिचीच नणंद रूपाली आणली आमच्या पोराला, निवृत्तीला. टेम्पो बी एकच. रूपालीला उतरवलं अन् आशाला बसवलं."

"हुंडा वाचला म्हणा की," मी म्हटलं.

"हुंडा वाचला, पर जीव टांगणीला, ताई. त्यांची लेक माहेरी बसली, का आमची धाडलीच."

त्याच पंधरवड्यात तसं झालं. निवृत्तीनं पिऊन बायकोवर हात टाकला. पूर्वीही टाकायचा, पण या वेळी मनगटच मोडलं. रूपाली गिरणाऱ्याला निघून गेली. दोन दिवसांनी आशाचा नवरा दिनेश मोटरसायकलवरून आशाला सोडायला आला. गरीब माणूस, आशाला कधी वावगा शब्द बोलला नव्हता. "अण्णांपुढं माझं चालत नाय, मामी," वडलांचं नाव पुढं करून एवढंच बोलला आणि चहा न घेता गेला. त्यांचा समर्थ अजून अंगावर पीत होता. त्याला मात्र गिरणाऱ्यालाच ठेवून घेतलं होतं.

लंकाबाई आल्या, पण हात चालत नव्हते. सुई झेंडूत तशीच.

"दूध दाटलंय आशाला. कुणाला जवळ येऊ देत नाय. रूपाली आल्याबिगर हिला घेणार नायत. अन् मी कोणत्या तोंडानं म्हणू तिला, ये बाई परत? आशाचं मनगट मोडलं असतं तर मी धाडली असती का?"

"निवृत्तीला दोन शब्द सांगा ना."

"सांगितलं. मधी पडले तर मलाच ढकललं."

मी ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "लोकांच्या घरात आपण काय बोलणार?" मी देवीला साकडं घातलं. दुसरं काही सुचलंच नाही.

शेवटी लंकाबाई गिरणाऱ्याला गेल्या. रूपाली एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातानं समर्थला दूधभात भरवत होती. तो तोंड फिरवत होता. रूपालीच म्हणाली, "काय बोलू नका, आत्या. पोरगं रडून अर्धं झालंय. चला."

घट बसायच्या आदल्या दिवशी दिनेशनं टेम्पो आणला. रूपाली उतरली, समर्थला आशाच्या मांडीवर दिलं, आशा बसली. दोघी एकमेकींच्या नणंदा, एकमेकींच्या भावजया. आशानं तिच्या प्लास्टरवरून हात फिरवला, म्हणे, आणि टेम्पो सुटेपर्यंत तिचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी घटाची माळ ओवताना लंकाबाईंनी पल्लवीला विचारलं, "पोरी, तुझ्या त्या दोघींचं पुढं काय झालं गं?"

"मार्गारेटचा नवरा सहाएक महिन्यांत वारला. हुआनाला पुढं वेडी ठरवून कोंडून ठेवलं. आधी वडलांनी, मग मुलानं."

"अन् तिची आई?"

"ती तेव्हा हयात नव्हती. मोठी राणी होती हो. तिनं नि राजानंच तर ही लग्नं जुळवली."

लंकाबाईंनी सुई खाली ठेवली. माळ अर्धीच झाली होती.

"बाकीची तुम्ही ओवाल का, ताई? निवृत्ती उठायच्या आत घरी पोचते. रूपाली एकलीच हाय."