वरातीतला जॅझ

माझा थोरला भाऊ हिंगोलीत लग्नाच्या बँडचा मास्तर होता; सॅक्सोफोन तोच वाजवायचा. मी त्याला एक जुना जॅझ अल्बम ऐकवला. त्यातला सॅक्सोफोनवादक स्वतः बँडप्रमुख असूनही मध्येच थांबतो आणि साथीदारांना वाजवू देतो. भावाला ते फार आवडलं.

सेनगावच्या एका वरातीत त्यानं ऐन रंगात सॅक्सोफोन खाली घेतला आणि क्लॅरिनेटवाल्याला पुढं केलं. नवरदेवाचा मामा ओरडला, "काहून थांबले मास्तर? दम संपला काय?"

"न्हाई मामा, याचंबी ऐका की जरा!"

मी अभिमानानं टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी फुप्फुसाच्या आजारानं तो गेला. अल्बम मी अजून लावतो. सॅक्सोफोन थांबला की प्रश्न तोच असतो: भावाला तेव्हा खरंच धाप लागली होती का? मी त्याच्या शेजारीच उभा होतो.