बरगीला निघालेली पांढरी गाडी

"आवाज ऐक," म्हणत आमचे शेजारी समोरच्या वस्तूवर बोटाच्या पेरानं ठोकायचे. टरबूज असो, दार असो, नवं कपाट असो. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या मुलाच्या पाठीवरही त्यांनी ठोकलं आणि "चालेल" असा निकाल दिला. संसार नीट चालला आहे, म्हणून मी जास्त बोलत नाही.

त्यांची सारी नोकरी फॅक्टरीत लष्करी ट्रकांचे पत्रे तपासण्यात गेली. जाड पत्रा ठप्प बोलतो, पातळ टणटण करतो. ठप्प तो पास, टणटण तो परत. निवृत्तीनंतर हात थांबेना, पाय तर मुळीच नाही. महाराजपूरच्या आमच्या गल्लीत त्यांनी इतक्या फेऱ्या मारल्या की रस्ता खचला. लोक उगाच ठेकेदाराला शिव्या देतात.

ही तळमळ वहिनींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी होती. त्यांचे गुडघे गेले, ऑटोत चढवेना, घराबाहेर पडणं संपलं. लग्नाआधी त्या बरगीकडच्या एका गावात शिकवायच्या. पुढे ते गाव धरणात गेलं. "एकदा ते पाणी पाहायचंय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

मी म्हटलं, "भाऊ, टॅक्सी करा ना."

"काहून? ड्रायव्हर मागून हॉर्न वाजवून राहिला, तर ती पाणी पाहील का त्याचं तोंड? गाडी आपलीच पाहिजे."

तुम्ही असा माणूस पाहिला असेल, तर त्याला अडवणं किती कठीण ते तुम्हाला ठाऊक आहे.

रिछाईच्या वाटेवर जुन्या गाड्या विकणारा एक भैया होता. त्याच्याकडची पांढरी गाडी इतकी स्वस्त, की किंमत ऐकून मलाच घाम फुटला.

"डॉक्टर साहब की थी, अंकल. बस घर से क्लिनिक, क्लिनिक से घर."

"भाऊ, आधी मेकॅनिकला दाखवू," मी म्हटलं.

"मेकॅनिक? मी काय मेलो?" त्यांनी दारावर ठोकलं. ठप्प. बॉनेटवर ठोकलं. ठप्प. डोळे लकाकले. "ऐकलंस? कारचा पत्रा टणटण करतो रे! हा तर मिलिटरी माल!"

भैयानं मान खाली घातली. मला ती नम्रता वाटली.

पुट्टी होती हो ती! गंजून चाळण झालेल्या पत्र्यावर बोटभर थापलेली, वरून रंग. पहिल्याच धुण्यात दाराचा पोपडा पापडासारखा निघाला. भाऊ बादली धरून गाडीभोवती घिरट्या घालत राहिले. मग म्हणाले, "वहिनीला बोलू नको. ती यायची नाही मग."

रविवारी निघालो. वहिनी पुढे, मी मागे. शहर सुटलं आणि माझ्या पायाखालची चटई खाली खचली. खोटं वाटेल, पण भोकातून मला रस्ता दिसत होता. एक सरडा माझ्याकडे बघून गेला. पुढे इंजिननं धूर सोडला आणि गाडी मेली.

भाऊ उतरले. बॉनेट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. रस्त्यावर पुढे धावले, मागे धावले. शेवटी खिडकीशी येऊन पुटपुटले, "फसलो मी."

वहिनी म्हणाल्या, "ते मला गाडी धुतली तेव्हाच दिसलं. अहो, तो ट्रॅक्टर थांबवा आधी."

ट्रॅक्टरवाल्यानं दोर बांधला. आम्ही ओढले जात होतो आणि भाऊ स्टिअरिंग घट्ट धरून, समोर कोंबडी आली तरी हॉर्न देत होते. धरणाशी गाडी पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. वहिनींनी काच खाली केली. "तिकडे," त्यांनी बोट दाखवलं. "शाळा तिकडे होती." नुसतं पाणी होतं. भाऊ त्या बोटाच्या रोखानं बराच वेळ बघत राहिले, आम्हाला कुणालाच घाई नव्हती.

भाऊ त्याच वर्षी गेले. गाडी भंगारवाला घेऊन गेला. त्यांच्या फाटकासमोर कुणी स्कूटर लावायला लागलं, की वहिनी खिडकीतून हाक मारतात, "भैया, जरा आगे लगाओ. इथं आमची गाडी उभी असते."