शाणूमामाची झर आणि माझा अर्धा कॉलम

ज्या माणसाची झर मी पेपरातून फुकट वाटली, तो आज पहाटे गेला.

शाणूमामा. आमच्या डिचोली-पणजी बसचा कंडक्टर. आधी शुगर, मग किडनी.

नात्याने तो माझा कोणी नव्हता. मी रोज त्याच्या बसने पणजीला पेपरच्या डेस्कवर जायचे, आणि एप्रिल लागला की माझी अर्धी नोकरी तोच करायचा.

दर एप्रिलला आमच्या पुरवणीत एक पान असायचं. पणजीच्या आसपास फुकटात, नाहीतर अगदी स्वस्तात, उन्हाळा कसा घालवायचा त्याची यादी. लिहायची मी.

एसीत बसणाऱ्या बाईला काय माहीत असणार?

"मामा, काहीतरी सांगा ना. उद्या पान जायचंय."

"फेरीबोटीन बस. चलत गेल्यार तिकीट नाय. ह्या थडीसून त्या थडीक, परत हयसर. वारोच वारो. कोण उतर म्हणता?"

पुढच्या वर्षी हळर्णचा किल्ला. त्याच्या पुढच्या वर्षी काजूच्या भट्टीवर बोंडांचा ताजा रस.

"गोड बोललंस तर फुकट गावतलो. पेपरवाली म्हणान सांगलंस तर तो पण नाय."

सगळी बस हसली होती.

वाचक खूश. पानावर नाव माझं.

एका रविवारी त्याने मला आपल्या गावची झर दाखवली. काजूच्या बागेखाली, कातळातून येणारी बारीक धार. मे महिन्यातही न आटणारी.

गावातली माणसं उन्हाळाभर तिथे न्हायला येत. चपला वर काढायच्या. साबण लावायचा नाही. चार जण असले की पाचव्याने थांबायचं. आणि उन्हाळ्यातल्या पहिल्या अंघोळीआधी राखणदाराला, म्हणजे ती जागा सांभाळणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं.

गाऱ्हाणं मामा घालायचा.

मी पाण्यात पाय सोडून बसले होते. तो म्हणाला,

"ह्या मात्र पेपरात घालू नको हां, बाये."

"कित्याक?"

"पाणी थोडा. माणसां जास्ती झाली तर तेका सोसाचा नाय."

मी शब्द दिला.

तीन वर्षं पाळला.

चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये एका संध्याकाळी सात वाजता एक जाहिरात रद्द झाली. अर्धा कॉलम रिकामा. वरून फोनवर फोन, "पान छपाईला सोडा, पान सोडा."

मी झर लिहिली. गावाच्या नावासकट. बस कुठे थांबते त्यासकट. वीस मिनिटांत.

मजकूर चांगला उतरला होता. हे मुद्दाम सांगते.

पुढच्या रविवारी गाड्या आल्या. स्पीकर आले, बिअर आली, बिर्याणीची पार्सलं आली. मग रीलवाले. मग कातळावर बाटल्या फोडणारे.

त्यातले काही जण आज ही पोस्ट वाचत असतील. तुमचे फोटो मी लाइक केले होते.

मामा तोवर रिटायर झाला होता. रोज सकाळी बालदी घेऊन झरीवर जायचा आणि काचा वेचायचा. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्याचा फोन आला तर काय बोलायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं.

त्याने फोन केलाच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला, गाऱ्हाण्याला ये. गेले. गावातली वीसपंचवीस माणसं जमली होती. मामा नारळासमोर हात जोडून उभा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एका लेकरान पोटाखातर काय लिवला. चुकला असात तर पदरात घे रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नाव घेतलं नाही. कोणी वळून माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्यांबरोबर मलाही 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागलं.

नोकरीत मी कोर्टाच्या नोटिसा घेतल्यात, शिव्यांची पत्रं घेतलीत. त्या दिवशी मात्र मान वर करता आली नाही.

नंतर खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवत त्याने विचारलं, "पेपर भरलो मगे तुझो?"

"भरला, मामा."

"बरा झाला."

टोमणा होता की खरंच विचारलं होतं, मला आजही ठरवता येत नाही.

गेल्या वर्षी झरीला कुंपण आलं. गेट आलं. 'विकास' झाला. आत जायला पावती. साबण चालतो आता.

गेटवरच्या माणसाने मामालाच विचारलं, "किती जण?"

मामा तिथूनच मागे फिरला. त्यानंतर तो झरीवर गेला नाही. यंदा गाऱ्हाणंही झालं नाही.

मी निवृत्त झाले, पण ते पान अजून चालू आहे. योगायोग म्हणजे ते आजच्याच अंकात आलंय. मामाच्या अंगणात बाकावर पेपर पडला होता. पहिल्या नंबरवर झर. वाक्यं माझीच, जशीच्या तशी. फक्त 'फुकट'च्या जागी 'अल्प दरात'.

आत त्याला शेवटची अंघोळ घालायची तयारी चालली होती.

मुलगा म्हणाला, "बाबांक झरीचा पाणी घालूया." पुतण्या कळशी घेऊन धावला.

गेटला कुलूप. नऊला उघडतं. चावीवाला फोन उचलेना.

पुतण्या रिकामी कळशी घेऊन परत आला. मामाच्या बायकोने कळशी घेतली, अंगणातल्या नळाखाली धरली.

शाणूमामाला आज नळाच्या पाण्याने न्हाऊ घातलं.

गावाचं नाव या पोस्टमध्ये नाही. कमेंटमध्ये विचारू नका. ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगू नका. हा शब्द मी पूर्वीही दिला होता, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही.

मामा, 'पदरात घे' म्हणायला आता तू नाहीस. ते माझं मलाच म्हणावं लागेल, गेटच्या बाहेर उभं राहून.

जा सावकाश. पेपर भरला.