मिशी नसलेला ढगातला

"बघितलंस का?"

समोरचा माणूस कशालाही नावं ठेवायला लागला की आमचे कंपाउंडर हातातलं काम थांबवत, दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांपाशी नेत आणि एवढंच विचारत. समोरचा "न्हाई, पर लोकं म्हणत्यात" असं काही बोलला की बोटं खाली येत. "मग बघून ये. तवर गप." आणि ते पुन्हा बाटलीत औषध ओतायला लागत.

माझा दवाखाना सांगलीत, एका थिएटरच्या अगदी समोर. मी मूळचा वाईचा. दवाखाना नवीन टाकला तेव्हा हा माणूस आपणहून आला. माण तालुक्यातला, दहिवडीच्याही पलीकडच्या गावचा. घरी मेंढरं, दोन थोरले भाऊ मुंबईला. हे मिरजेला एका जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेले. मी विचारलं, "मिरजेतलं चांगलं काम सोडून इथं का?" त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. बाहेर थिएटर होतं. मला हसू आलं आणि मी त्यांना ठेवून घेतलं.

डोळ्यांपाशी जाणारी ती दोन बोटं कुणालाही सोडत नसत. एकदा एक म्हातारी औषधाला थांबली असताना सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. सून म्हणे दिवसभर लोळते.

"तुमी बघितलंसा?" कंपाउंडरांनी विचारलं.

"मी कशी बघणार? मी दिवसभर देवळात असती."

"मग एक दिवस घरी थांबा की."

म्हातारी रागावली, पण पुढच्या खेपेला त्या सुनेला सोबत घेऊन आली. घरी थांबून काय पाहिलं ते तिनं सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

त्यांचं दुसरं एक वैशिष्ट्य माझ्या उशिरा लक्षात आलं. इंजेक्शन द्यायच्या आधी ते माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत, हाताकडे बघत. तालमीतले पैलवान यायचे, छाती पुढे काढून खुर्चीत बसायचे, "द्या वो, मला काय हुतंय" म्हणायचे. कंपाउंडर त्यांच्या बोटांकडे एकदा बघायचे आणि सिरिंज खाली ठेवून म्हणायचे, "जा गड्या, च्या पिऊन ये आधी." पैलवान मुकाट्यानं उठून जायचा. "तोंड खोटं बोलतंय सायेब," ते मला सांगत, "हाताला खोटं बोलाय येत न्हाई."

आता त्यांच्या वेडाकडे येतो. विशीत असताना औंधला यमाईच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये, त्यांनी एक हिंदी पिक्चर पाहिला होता. त्याचं खरं नाव काहीही असो, आमच्या भागात त्याला 'ढगातला' म्हणत. अंगात निळा झगा घातलेला, भरघोस मिशीचा, थोडा सुटलेल्या पोटाचा हा वीर ढगातून खाली यायचा, छातीवर गोळ्या झेलायचा आणि पुन्हा ढगात जायचा. जत्रेच्या दिवसांत यांनी तो नऊ वेळा पाहिला. पुढे सांगलीत तो अधूनमधून सकाळच्या खेळाला लागे. उडताना त्याला टांगलेली तार चांगली बोटभर जाड दिसायची. कुणीतरी ओरडायचं, "तार दिसली." यांचं उत्तर ठरलेलं: "दिसली तर दिसली. पडला का?"

ढगातल्याच्या भक्तांचं त्यांनी एक मंडळच उभं केलं होतं. लेथवाले, हमाल, पानवाला, एसटीतले दोन मेकॅनिक, असे तीसेक जण. सगळे यांना 'अध्यक्ष' म्हणत. जुन्या नटाच्या वाढदिवसाला ते माझ्याच दवाखान्यात जमून रक्त द्यायचे, त्यामुळे मी त्यांना कधी हसलो नाही. संपत नावाचा लेथवर काम करणारा एक उंच माणूस त्यात यांचा उजवा हात होता. अध्यक्ष बोलले की संपतनं तीच गोष्ट मोठ्यानं बोलायची, अशी पद्धत.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत घरोघरी केबल आली होती. एका दिवशी केबलवर बातमी कळली की ढगातला नव्यानं बनतोय. पहिल्यापासून गोष्ट, नवा नट, नवा वेश. आठवडाभरात समोरच्या थिएटरवर पोस्टर लागलं. सगळं मंडळ त्याखाली उभं राहिलं. मीही खिडकीतून बघत होतो.

"आरं, मिशी कुठाय ह्याची?" कुणीतरी म्हणालं.

पोस्टरवरचा पोरगा सडपातळ होता, तुळतुळीत दाढी केलेला. अंगात काळाभोर, चकचकीत पोशाख.

"झगा न्हाई, काय न्हाई. सायकलची ट्यूब गुंडाळल्यागत दिसतंय."

"ह्यो गोळ्या कुठं झेलणार? वाऱ्यानं पडंल."

तुम्हाला हसू येईल, पण त्या दिवशी त्यांच्या आवाजात खरं दुखणं होतं. घरातल्या वडीलधाऱ्याच्या जागी कुणी परका आणून बसवावा, तसं झालं होतं त्यांचं. संध्याकाळी सगळे दवाखान्याच्या पायरीवर जमले. संपतनं ठराव मांडला की पिक्चर लागेल त्या दिवशी काळे झेंडे दाखवायचे आणि खेळ बंद पाडायचा.

अध्यक्षांनी दोन बोटं डोळ्यांपाशी नेली.

"आवं, ह्यात काय बघायचं? मिशीच न्हाई," संपत म्हणाला.

"शुक्रवारी पयला खेळ मी बघतो. भाईर येऊन सांगतो. वाईट असला तर पयला झेंडा माझ्या हातात."

सगळ्यांनी ते मान्य केलं. अध्यक्षांना जुन्याचं किती वेड आहे हे त्यांना माहीत होतं. निकाल ठरल्यातच जमा होता.

शुक्रवारी सकाळी ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी रजा मागितली नव्हती. "सायेब, दुपारी तीन तास जाऊ का? आनि तुमीबी चला. साक्षीला दुसरा माणूस असलेला बरा." मला सिनेमातलं फारसं कळत नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा गंभीरपणा पाहून मी दवाखान्याला कुलूप लावलं.

थिएटर खच्चून भरलं होतं, पण बघायला कुणी आलं नव्हतं. लोक भांडायला आले होते. नवा नट पडद्यावर आला आणि शिट्ट्या, हुर्यो, शिव्या असा एकच गलका झाला. तो हसला की लोक म्हणत, "मिशी लावून ये." तो आईशी वाद घालतो असा एक प्रसंग होता, तर मागून आवाज आला, "जुना आयच्या पाया पडायचा रं." तार मात्र कुठं दिसत नव्हती. त्याचाही लोकांना राग आला.

कंपाउंडर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मध्यंतरात जागचे हलले नाहीत. मी शेंगदाणे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत.

उत्तरार्धात एक प्रसंग होता. गिरणीला आग लागली आहे, आत माणसं अडकली आहेत, आणि नवा ढगातला धुराड्याच्या टोकावर उभा आहे. अजून त्याला नीट उडता येत नाही. खाली उडी टाकायची आहे. तो कठडा धरून नुसता उभा राहतो, खूप वेळ. संगीतसुद्धा नाही. थिएटरमध्ये आरडाओरडा सुरू झाला. "आरं उड की." "रडतंय बघ बेणं." कुणी खुर्च्या आपटायला लागलं. मी सहज शेजारी पाहिलं. कंपाउंडर पुढे झुकले होते, आणि बघत होते पडद्याच्या एका कोपऱ्यात. तिथं त्या पोराचा कठड्यावरचा हात दिसत होता. बोटं थरथरत होती. मग ती बोटं एकेक करून सुटली आणि त्यानं उडी टाकली.

कंपाउंडरांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला.

बाहेर सायकल स्टँडजवळ मंडळ उभं होतं. जुन्या छत्र्यांच्या कापडाचे काळे झेंडे, काठ्यांना बांधलेले. आम्ही पायऱ्या उतरायला लागलो. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. तीस माणसं या एका माणसाच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्यांना हवं होतं ते बोलणं फार सोपं होतं.

संपतनं झेंडा पुढे केला. कंपाउंडरांनी तो घेतला नाही.

"चांगला हाय," ते म्हणाले.

मग संपत हसत म्हणाला, "अध्यक्ष, चेष्टा नका करू."

"चेष्टा न्हाई. मला जुनाच आवडतो. मरस्तवर जुनाच आवडंल. पर ह्यो चांगला हाय. ह्येला भ्या वाटतंय आनि तरी त्यो जातोय. आपल्या जुन्याला भ्याच म्हाईत नव्हतं गड्या. आपल्याला बोलाय जागा न्हाई."

"मिशी न्हाई त्येला," संपत म्हणाला. त्याचा आवाज आता चढला होता.

"न्हाई. मिशी न्हाई."

"थेटरवाल्यानं फुकट पास दिला व्हय तुमाला?"

हे ऐकून मी पुढे होणार होतो. कंपाउंडरांनी माझा हात धरला. "बघून या," ते सगळ्यांना म्हणाले, "मग मला शिव्या द्या. मी हितंच समोर हाय." आणि रस्ता ओलांडून दवाखान्यात आले. एप्रन घातला. सिरिंजा उकळायला ठेवल्या.

त्याच संध्याकाळी त्यांचं अध्यक्षपद गेलं. पानवाल्याच्या टपरीवर जुन्या नटाबरोबर यांचाही एक फोटो लावलेला होता, तो खाली उतरला. तीसपैकी एकही जण दवाखान्यात येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भिंतीवर कोळशानं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: फीतुर.

मी पुसायला फडकं मागितलं. कंपाउंडर भिंतीपुढे उभे राहून ते वाचत होते. त्यांनी खाली पडलेला कोळशाचा तुकडा उचलला, पहिली वेलांटी ऱ्हस्व केली, 'त'ला दीर्घ उकार दिला आणि हात झटकले.

"ऱ्हाऊ द्या सायेब. पावसानं जाईल."

मी त्यांना समजावून पाहिलं. म्हटलं, "थोडं मवाळ बोला. इतक्या वर्षांची माणसं आहेत." ते म्हणाले, "मी बघितलं त्ये सांगितलं. न बघितल्यालं सांगितलं असतं तर त्यांनी मला उद्या इचारायचं कशाला?" पण त्या दिवसांत त्यांचा डबा अर्धा परत जायचा, हे मी पाहत होतो. पायरीवर रोज संध्याकाळी जमणारी ती माणसं हेच सांगलीतलं त्यांचं गणगोत होतं.

पिक्चर चालला. दुसऱ्या आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की दुपारचा खेळ सुरू व्हायच्या वेळेला कंपाउंडर औषधाच्या टेबलाशेजारच्या खिडकीचा पडदा ओढून घेतात. ऊन त्या बाजूनं येत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "धूळ लय येती." मला पटलं नाही. त्यांची पाठ वळल्यावर मी पडदा थोडा सरकवला. समोर एसटीतला एक मेकॅनिक इकडेतिकडे बघत, रुमालानं तोंड पुसल्यासारखं करत थिएटरात शिरत होता.

मी पडदा होता तसा केला. त्यानंतर रोज त्या वेळी मीही खिडकीकडे पाठ करून बसायला लागलो. आता सांगायला हरकत नाही, एकेक करून पुष्कळजण येऊन गेले असावेत. आम्ही दोघांनीही कुणाला पाहिलं नाही.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी संपत दवाखान्यात आला. सर्दी झाली म्हणाला. मी तपासलं. काही नव्हतं. तरी चिठ्ठी लिहून कंपाउंडरांकडे पाठवलं. मधल्या दारातून मला दोघं दिसत होते. कंपाउंडरांनी औषध तयार केलं, बूच लावलं, बाटली पुढे सरकवली. संपत ती उचलेना.

"त्या धुराड्यावर," तो म्हणाला, "त्येचा हात..."

"व्हय," कंपाउंडर म्हणाले.

"मला पयल्यांदा दिसला न्हाई. आज दिसला."

"म्हंजे दोनदा बघितलास."

"तीनदा," संपत म्हणाला. मग खाली बघत, "मिशी आसती तर बरं झालं असतं."

"लय बरं झालं असतं," कंपाउंडर म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले. संध्याकाळी पायरीवर आधी चार जण दिसले, दुसऱ्या दिवशी दहा. माफी कुणी मागितली नाही आणि तिची वाट बघणारा माणूसही तो नव्हता.

पुढच्याच वर्षी त्यांच्या आईचे डोळे गेले. भाऊ मुंबई सोडून येण्यासारखे नव्हते. यांनी दोन दिवसांत निर्णय घेतला. दहिवडीच्या गाडीवर त्यांची पेटी संपतनं चढवली. मी निरोपाचं काही बोलायला गेलो, तर ते नव्या माणसाला कुठली औषधं कुठं ठेवली आहेत ते सांगत राहिले. दोन पोस्टकार्डं आली. तिसरं त्यांच्या पुतण्याच्या अक्षरात होतं. मेंढरं घेऊन घरी येताना माळावर दम लागून खाली बसले, ते तिथंच गेले. मी पोस्टकार्ड घेऊन पायरीवर गेलो आणि संपतच्या हातात दिलं. त्यानं ते वाचून शेजारच्याला दिलं, शेजारच्यानं पुढच्याला.

त्यानंतर साधारण वर्षानं नव्या ढगातल्याचा दुसरा भाग आला. संपत मला बोलवायला आला. सगळं मंडळ बरोबर होतं. झेंडे नव्हते, शिट्ट्या नव्हत्या. सगळे शांतपणे बसून पिक्चर बघत होते. खेळ सुटल्यावर आम्ही बाहेर येऊन पायऱ्यांवर थांबलो. चांगला की वाईट, कुणीच बोलेना. उन्हात डोळे बारीक करून नुसते उभे होते.

शेवटी संपत माझ्याकडे वळला. "डॉक्टर, तुमाला कसा वाटला?"

"मला यातलं काही कळत नाही, संपत."

"आमाला तरी कुठं कळतंय," तो म्हणाला.

आणखी थोडा वेळ आम्ही तसेच उभे राहिलो. मग आतून पुढच्या खेळाची घंटा झाली, तशी माणसं एकेक करून पायऱ्या उतरली आणि आपापल्या कामाला गेली.